माझ्या अक्षरातले माफीनामे

दादासाहेबांनी चहाचा कप माझ्या फाईलवर ठेवला.

टेबलावर दुसरीकडे जागा होती. भरपूर होती. तरी कप फाईलवरच ठेवला, आणि मग माझ्याकडे बघितलं. त्या फाईलीत माझं तीन वर्षांचं काम होतं. वरच्या पानावर कपाच्या बुडाचा ओला गोल उमटला आणि शाईतलं माझं नाव फुगलं.

मी उभा होतो. धुळ्यातला त्यांचा बंगला, एप्रिलची दुपार, कूलरची घरघर. सोफ्यावर दोन संचालक, आमचे प्राचार्य आणि एक अनोळखी माणूस. तो माणूस पूर्ण वेळ मोबाईल बघत होता. एक खुर्ची रिकामी होती. मला कोणी बसा म्हटलं नाही. तेवीस वर्षं मी दादासाहेबांच्या संस्थेत इंग्रजी शिकवतोय. इतक्या वर्षांत त्या बंगल्यात मी एकदाही बसलो नव्हतो. हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं.

"काय मास्तर," दादासाहेब म्हणाले, "पगार धुळ्याचा आणि गुणगान चीनचं?"

सगळे हसले.

"गुणगान नाही, दादासाहेब. त्या बाईंना तिथल्या सरकारनंच—"

"मला शिकवू नका. वर्गात शिकवा."

एक संचालक म्हणाला, "सरांना नूडलची चटक लागली. आता कळण्याची भाकरी कशी गोड लागायची?"

पुन्हा हसू. मीही हसलो. हे लिहायला लाज वाटते, पण मीही हसलो.

मग दादासाहेबांनी कप उचलला आणि फाईल उघडली. "ती चिनी बाई गेली खड्ड्यात. छापा नाहीतर जाळा, मला काय. पण ही पुढची नऊ पानं कसली? प्रस्तावना? हा शिपाई कोण? 'एका निर्व्यसनी माणसाच्या नावावर मी दारू लिहिली.' हे कोणत्या शाळेतलं?"

"शाळेचं नाव लिहिलेलं नाही."

"तुम्ही दुसऱ्या कुठल्या शाळेत होता का?"

नव्हतो.

"मग ऐका. प्रस्तावना काढायची. आणि लिहून द्यायचं. भिका शिपाई त्या दिवशी पिऊन आला होता, मी स्वतः बघितलं, प्रस्तावनेतलं सगळं काल्पनिक आहे, संस्थेची माफी मागतो. शनिवारी स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचायचं. नाहीतर तुमचा राजीनामा कपाटात आहेच." त्यांनी फाईल मिटली. "मसुदा मी देत नाही. त्यातले मास्टर तुम्हीच."

तेव्हा अनोळखी माणसानं पहिल्यांदा मान वर केली. आवाज अगदी मऊ.

"सर, हल्ली चीनचं नाव निघालं की विचारपूस होते. आपल्याकडं वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिकडं कोणी नात्यातलं?"

"मावसभाऊ आहे."

"नाव?"

मी नाव सांगितलं. त्याचा विभाग सांगितला. तो कुठे राहतो तेही सांगितलं. त्या माणसानं विचारलं नव्हतं तेवढं सांगितलं. तो कोण आहे, हे विचारायचं मला सुचलं नाही. बाहेर आलो तेव्हा चप्पल पायात नीट जाईना.

ती फाईल दादासाहेबांपर्यंत कोणी पोचवली? मीच. आमच्या संस्थेत कुठलंही पुस्तक छापायचं तर आधी परवानगी घ्यायची रीत आहे. कोणत्या नियमात आहे, कोणी बघितलं नाही. मी रीतसर अर्ज केला, 'मा. प्राचार्य यांच्यामार्फत'. सोबत अख्खं हस्तलिखित जोडलं. प्रस्तावनेसकट. ज्या माणसांच्या विरुद्ध लिहिलं, त्यांच्याकडेच ते लिहू का म्हणून विचारायला गेलो. कोणी धरून आणलं नाही. अर्जाची पोचसुद्धा मागून घेतली.

आता त्या चिनी बाईंबद्दल.

त्या कादंबरीकार आहेत आणि भाषांतरकारही. आता सत्तरीच्या पुढे. मला चिनी येत नाही. त्यांचं आत्मकथन मी इंग्रजीवरून मराठीत आणलं, म्हणजे भाषांतराचं भाषांतर. जळगावच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते पुस्तक मला मिळालं. बी.एड.च्या गाईडांच्या गठ्ठ्यात होतं. उभ्याउभ्या चाळीस पानं वाचली. दुकानदार म्हणाला, "सर, घरी नेऊन वाचा, गिऱ्हाईक अडतंय."

नदीकाठच्या लहान गावातला जन्म. वडील दवाखान्यात औषधं बांधून द्यायचे. शाळेत रशियन शिकवलं, ते त्यांनी मन लावून घेतलं. एका म्हाताऱ्या शिक्षकानं त्यांना भाषांतर करायला शिकवलं. वाक्य आधी मोठ्यानं वाच, मग लिही, असं तो सांगायचा. त्यांनी रेशमाच्या गिरणीत राबणाऱ्या बायांवर कादंबरी लिहिली. पुढे तुरुंगातल्या एका कामगारासाठी सह्या गोळा केल्या. नोकरी गेली. पुस्तकं दुकानांतून उचलली गेली. आजही त्यांच्या इमारतीखाली गाडीत दोन माणसं बसलेली असतात.

पण पुस्तकाचा जीव वेगळ्याच ठिकाणी आहे. तरुण असताना, सभा भरवून माणसांना झुकवण्याच्या त्या काळात, त्यांना त्याच म्हाताऱ्या शिक्षकाविरुद्ध कबुली लिहायला लावली. अकरा वेळा लिहून घेतली. दर वेळी, यात अजून खरेपणा नाही, असं सांगून परत पाठवली. अकराव्या वेळी ती पास झाली. शिक्षकाचं शिकवणं सुटलं, हातात झाडू आला. काही वर्षांनी तो मेला. बाई त्याच्याशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

पुष्कळ वर्षांनी लेखकांच्या एका सभेत त्या उठल्या. जुना कबुलीजबाब खिशातून काढून वाचला. प्रत्येक वाक्यानंतर थांबून म्हणाल्या, हे खोटं आहे. त्यानंतरच त्यांच्या घराखाली गाडी उभी राहायला लागली.

परवानगीसाठी मी त्यांच्या इंग्रजी भाषांतरकाराला मेल केला. तीन महिन्यांनी बाईंचं उत्तर त्याच्यामार्फत आलं. पैसे नकोत. अट एकच. कबुलीचं प्रकरण कापायचं नाही, मवाळ करायचं नाही.

मी ते प्रकरण मराठीत करायला बसलो. मनात धास्ती होती. चीनमधल्या त्या काळातली ती भाषा, ते झुकणं मराठीत कसं आणायचं? पेन टेकवलं आणि एका बैठकीत सगळं उतरलं. एकही शब्द अडला नाही. 'माझ्या हातून अक्षम्य चूक घडली असून.' 'वरिष्ठांनी उदार अंतःकरणाने.' 'पुन्हा असे वर्तन घडल्यास होणाऱ्या कारवाईस मी पात्र राहीन.' शब्दकोश उघडावा लागला नाही. बाकीच्या पुस्तकात एकेका परिच्छेदाला मी दोन-दोन दिवस घालवले होते.

पेन खाली ठेवलं आणि भीती वाटली. ही भाषा मला इतकी कशी येते?

येणारच. मी ती आयुष्यभर लिहितोय.

आमच्या संस्थेत कोणाकडून काही चूक झाली की खुलासा मागतात. शिपाई, लॅबचा मदतनीस, नवा शिक्षक, कोणीही. खुलासा शेवटी माफीनामाच असतो. माझं अक्षर चांगलं, भाषा स्वच्छ. म्हणून प्राचार्य म्हणायचे, "सरांकडे जा, ते लिहून देतील." लोक घाबरलेले यायचे. मी लिहून द्यायचो. त्यांना वाटायचं, सर मदत करतात. मलाही तेच वाटायचं. प्रत्येक माफीनामा फाईलला लागायचा आणि तो माणूस कायमचा मुठीत यायचा. हे मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. कळत होतं.

भिका अप्पा आमच्याकडे शिपाई होते. पारोळा तालुक्यातले. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब नाही. एकदा शाळेची तपासणी होती. आमच्या प्रयोगशाळेत काही नव्हतं, म्हणून संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून सूक्ष्मदर्शक, काचेची भांडी, सांगाडा, सगळं आदल्या दिवशी आणून मांडलं. तपासणीच्या साहेबांनी सांगाड्याकडे बघत सहज विचारलं, "हे कधी आणलं हो?" अप्पांनी तितक्याच सहज उत्तर दिलं, "काल सांजले, टेम्पोमा. मीच धरी बसेल व्हतो." सांगाडा मांडीवर घेऊन आले होते ते. साहेब हसले. आम्हीही आतल्या आत हसलो.

दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला. मी लिहायला बसलो. प्राचार्य म्हणाले, "नशेत होता, असं लिहा. दुसरं कारण टिकणार नाही."

"सर, ते माळकरी आहेत."

"म्हणूनच. माळकरी एकदाच घसरला म्हणून सगळ्यांना दया येईल."

मी लिहिलं. 'सदर दिवशी मी मद्यप्राशन केले असल्याने माझ्या बोलण्यावर माझे नियंत्रण नव्हते.' वाक्य चांगलं जमलं होतं. अप्पांना म्हटलं, "साधी माफी आहे, करा सही." त्यांनी कागद हातात धरून बराच वेळ बघितला. सही केली. आठव्या दिवशी त्यांना काढलं. कारण, शाळेत दारू पिऊन येणे. पुरावा, त्यांची स्वतःची कबुली.

पण माझा पहिला माफीनामा तोही नव्हता.

माझा बाप सालदार होता. एका शेतकऱ्याकडे वर्षभर राबायचं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपायचं आणि आखाजीलाच नवं धरायचं. तेवढा एक दिवस सालदार कोणाचा नसतो. मी पाचवीत होतो. त्या वर्षी बापानं बाकीच्या चार सालदारांना सांगितलं की बाजाराच्या दिवशी दुपारनंतर सुटी मिळाल्याशिवाय कोणी साल धरायचं नाही. एवढीच मागणी. आठवड्यातली अर्धी दुपार.

आखाजीच्या सकाळी मालकानं बापाला खळ्यात बोलावलं. मी सोबत गेलो. निंबाला झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. मालक खाटेवर. बाप जमिनीवर, उकिडवा.

"पोराला शाळेत घातलंय ना?" मालक म्हणाला. "बघू दे काय शिकला. लिही रे."

बाप म्हणाला, "मालक, मी कोनले भडकायं नही. बाजारना दिन दुपारनंतर सुटी पाहिजे, इतलंच सांगं."

मालक माझ्याकडे बघून म्हणाला, "लिही. मी इतर सालदारांना भडकावलं. माझी चूक झाली. पुन्हा तोंड उघडणार नाही."

त्यानं मला स्वतःचं शाईपेन दिलं. मी तोवर शाईपेन हातात धरलं नव्हतं. ते जड होतं आणि गुळगुळीत होतं, आणि मला ते आवडलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बाप खाली बसला होता आणि मला पेन आवडलं होतं. मी लिहिलं. मालक म्हणाला, "वा, अक्षर बघा पोराचं." मला बरं वाटलं.

बापानं मान वर केली. "माले वाची दाखाड."

मी मालकाकडे बघितलं. मग कागद डोळ्यांसमोर धरून मी वाचलं, "मी कोनले भडकायं नही. बाजारना दिन सुटी पाहिजे, इतलंच सांगं." कागदावर एक होतं, तोंडानं दुसरं. मालकानं मला अडवलं नाही. तो मिशीत हसला. बापानं विश्वासानं अंगठा दिला.

संध्याकाळी पारावर मालकाच्या माणसानं तो कागद सगळ्यांसमोर वाचला. लिहिलेला. बाप गर्दीत उभा होता. चारही सालदार त्याच्याकडे बघत होते. मग बापानं माझ्याकडे बघितलं.

त्यानं मला मारलं नाही. शाळा बंद केली नाही. वहीपेन्सिल आणून देत राहिला. फक्त त्यानंतर कधी मला काही वाचायला सांगितलं नाही. मामाचं पत्र आलं तरी पोस्टमनकडून वाचून घ्यायचा. मी घरात असलो तरी. मी मॅट्रिक झालो, बी.ए. झालो, एम.ए. झालो. बाप पत्र घेऊन पोस्टमनच्या मागे जायचा. मरेपर्यंत.

बंगल्यातल्या त्या सोमवारनंतरचे दिवस मी घाबरून काढले. फोन वाजला की आधी नंबर बघायचो, मग उचलायचो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे बसलेला प्रत्येक माणूस मला बंगल्यातल्या त्या माणसासारखा दिसायचा. वर्गात फळ्यावर तारीख लिहिताना खडू तुटला, दोनदा. पोरं हसली. मंगळवारी मावसभावाचा फोन आला. "दादा, तू माझं नाव कुठं सांगितलंस का? इथं कोणी चौकशी करत होतं म्हणे." मी म्हटलं, "नाही रे." फोन ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. खोटं इतकं चटकन येतं.

बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं अजून राहिली आहेत. तिनं निवडलेली भाजी बाजूला केली. मग म्हणाली, "लिहून टाका ना."

"काय?"

"माफी. इतक्या लोकांची लिहिलीत. एक स्वतःची लिहायला काय जातंय?"

टोमणा नव्हता. ती माझ्याइतकीच घाबरली होती. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं.

बुधवारी मी माफीनामा लिहिला. वेळ लागला नाही. छान झाला. मी तो दोनदा वाचला आणि एका ठिकाणी स्वल्पविराम घातला.

गुरुवारी दुपारी पारोळ्याची बस धरली. भिका अप्पा तिथल्या कापसाच्या एका जिनिंगवर राखणदार आहेत, हे ऐकून होतो. का गेलो, नक्की सांगता येत नाही. बहुतेक मला वाटलं असावं, की त्यांनी एकदा माफ केलं तर शनिवारी खोटं वाचणं सोपं जाईल. इतका मी खाली उतरलो होतो.

कापसाचा हंगाम संपला होता. आवारात पांढरा भुगा उडत होता. फाटकाशी पत्र्याच्या सावलीत अप्पा बसले होते. वाळलेले. माळ तीच. मला बघून उठले, स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं.

"सर? इतला उनमा? बसा, बसा."

मी बसलो. पाणी प्यालो. मग सगळं एका दमात बोलायला लागलो. "अप्पा, तुमच्या त्या कागदावर मी—"

"म्हाईत शे माले," अप्पा म्हणाले. "मी वाचेल व्हतं."

"वाचून सही केली?"

"हा. मी नशेत व्हतो असं लिखेल व्हतं. पहिले वाटनं फाडी टाकू. मंग म्हनं, सरनी लिखेल शे. सर खोटं कसाले लिखतीन? काही कायदानी रीत व्हई. आपले काय समजस."

मी पाण्याचा रिकामा पेला खाली ठेवला.

"मंग पोरना सोयरीकना टाईमले ती गोट गावमा फिरनी. सोयरा म्हने, दारुड्यानं घर शे. सोयरीक मोडनी." ते हसले. दात कमी झालेत. "मी कधी च्या बी जास्त पेत नही, सर."

"अप्पा, मला माफ—"

त्यांनी हात वर केला. "माफी नका मांगू. माफी तुम्हले चांगली लिखता येस. बठ्ठी शाळाले म्हाईत शे."

जिनिंगमध्ये कुठेतरी एक पत्रा वाजत होता.

"माले एक कागद लिखी द्या," अप्पा म्हणाले. "भिका पिएल नव्हता. इतलंच. तुम्हनाच अक्षरमा."

माझ्या खिशाला पेन होतं. पिशवीत कोरे कागद होते. एका ओळीचं काम. मी पेन काढलं, टोपण उघडलं आणि मला दादासाहेबांचं कपाट दिसलं. टोपण परत लावलं.

"शनिवारनंतर देतो, अप्पा."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मला फाटकापर्यंत सोडायला आले. पोस्टमनच्या मागे जाणाऱ्या बापाची पाठ मी जशी बघायचो, तसं मला अप्पांचं तोंड दिसलं. आता यांनाही माझ्याकडून काही वाचून घ्यायचं नव्हतं.

बसमध्ये बसलो. मांडीवर पिशवी घेतली, पिशवीवर कागद, आणि लिहायला लागलो. बस हादरत होती. अक्षर वाकडंतिकडं आलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं अक्षर इतकं वाईट आलं. मी ते पुन्हा चांगल्या अक्षरात उतरवलं नाही.

शनिवारी स्टाफरूम भरली होती. दादासाहेब मधल्या खुर्चीत. प्राचार्य म्हणाले, "सरांना दोन शब्द सांगायचे आहेत." मी उठलो. सदऱ्याच्या खिशात माफीनामा होता, पँटच्या खिशात बसमधला कागद. मी धाडसी माणूस नाही. उभा राहीपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं, हात कुठे जाईल. मी टेबलाची कड धरली.

हात खाली गेला.

वाचलं ते असं :

"भिका अप्पा यांनी त्या दिवशी दारू प्यायली नव्हती. ते कधीच पीत नाहीत. त्यांच्या नावाचा कबुलीजबाब मी लिहिला. तो खोटा आहे. प्रयोगशाळेतलं सामान आदल्या दिवशी टेम्पोतून आणलं होतं, हे त्यांनी सांगितलं ते खरं होतं. त्यांना खरं बोलण्यासाठी काढलं. या शाळेतले आणखी सोळा माफीनामे माझ्या अक्षरात आहेत. त्यातले बहुतेक खोटे आहेत. माझ्या वडिलांनी कोणाला भडकावलं नव्हतं."

शेवटचं वाक्य कोणाला कळलं नाही. ते कागदावर नव्हतं.

टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी उठून माझ्या बाजूला आलं नाही. ज्यांचे माफीनामे मी लिहिले होते, त्यातले सहा जण समोर बसले होते. एक जण बुटाची लेस बांधायला वाकला आणि वर आलाच नाही. मला त्याचा राग नाही. मी तेवीस वर्षं तसाच वाकलेला होतो.

दादासाहेब ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बसा, मास्तर."

तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

मी बसलो नाही.

प्राचार्यांनी कपाटातून एक पिवळा पडलेला कागद आणला. माझा राजीनामा. रुजू होतानाच तारखेची जागा मोकळी ठेवून आमच्याकडून सही घेतात. मजकूरही माझ्याच अक्षरात होता. तरुणपणचं अक्षर, फार देखणं. प्राचार्यांनी माझ्यासमोर त्यावर त्या दिवसाची तारीख टाकली. कायद्यात त्या कागदाला किती किंमत आहे, ते वकील सांगेल. त्या खोलीत तरी त्याचा शब्द शेवटचा होता.

आखाजी होऊन गेली. मी घरी आहे. घाबरलेला आहे. कोणी धीर द्यायला आलं तर त्याला हेच सांगतो, की भीती गेलेली नाही. दारात गाडी थांबली की अजून खिडकीआडून बघतो. मावसभावाला मी खरं सांगितलं, की नाव मीच दिलं होतं. तो म्हणाला, "आता फोन करू नको दादा." बायको बोलते, पण कमी बोलते. मुलीनं विचारलं, "बाबा, आता काय?"

अप्पांना कागद नेऊन दिला. तोच, बसमधला. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. घडी घालून टोपीत ठेवला.

"अक्षर बिघडनं तुम्हनं," ते म्हणाले. आणि काही वेळानं, "उशिरा उना हाऊ कागद, सर. पोरनं लगीन काही उनं नही."

मी मान खाली घातली नाही. त्यांच्याकडे बघत ऐकून घेतलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

पुस्तक जळगावला छापायला गेलंय. कबुलीचं प्रकरण कापलेलं नाही, मवाळ केलेलं नाही. प्रस्तावनाही आहे. आधीच्या प्रस्तावनेत शाळेचं नाव नव्हतं. आता आहे. दादासाहेबांचं आहे, माझं आहे, भिका अप्पांचं त्यांना विचारून घातलंय. परवानगीचा अर्ज केलेला नाही.

उरलेल्या सोळा जणांची नावं मी वहीत लिहिली आहेत. सहा जण अजून शाळेतच आहेत, एक रावेरकडे केळीच्या ट्रकवर आहे, आणखी दोघे इथेच धुळ्यात, एक बाई वारली, तिच्या मुलाकडे जायचंय. एकेकाच्या दारात जाणार आहे. त्यांनी माफ करावं म्हणून नाही. दार लावून घेतलं तर कागद उंबऱ्यावर ठेवून येईन. ज्या हातानं खोटं लिहिलं, त्याच हातानं लिहिलेला खरा कागद त्यांच्याकडे असायला हवा.

आणि दादासाहेब, तुमच्या कपाटात माझ्या अक्षरातलं जे काही आहे, ते सगळं बाहेर काढा, वाचा, कोर्टात लावा. प्रत्येक वाक्यानंतर उभं राहून मी सांगेन की हे खोटं आहे. टेबलाची कड धरावी लागेल. तरी सांगेन. यापुढे हा हात कोणाची माफी लिहिणार नाही.

माझीसुद्धा नाही.